शेवटाकडून शिकवणाऱ्या बाई

बाई वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत. आमच्या स्टाफरूममध्ये पेपर आला की पहिलं पान माझ्याकडं, पुरवणी मुख्याध्यापकांकडं आणि शेवटचं पान बाईंकडं, अशी वाटणीच ठरून गेली होती. डबा उघडला की त्या आधी गोड खात आणि मग भाजी-भाकरीला हात लावत. "शेवटी गोड खायचं म्हणून वाट बघत बसायचं, आणि तवर पोट भरतंय. त्यापेक्षा आधी खाल्लेलं बरं की," असं त्यांचं म्हणणं. एखाद्या सिनेमाला जायचं असेल तर तो आधी बघून आलेल्या माणसाला गाठून शेवट विचारून घेत आणि मगच तिकीट काढत. बाईंचा एखादा स्क्रू उलटा बसलाय, असं माझं ठाम मत होतं, आणि ते मी स्टाफरूममध्ये दोन-चार जणांना ऐकवलंही होतं. पुढं कळलं की तो त्यांनी विचार करून, तपासून, मुद्दाम उलटा बसवला होता.

मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. बाई आमच्याकडं आल्या विशेष शिक्षिका म्हणून. ज्या मुलांना अक्षरं नीट ओळखता येत नाहीत, आकडे जागेवर राहत नाहीत, ऐकू कमी येतं किंवा बुद्धीची वाढ सावकाश होते, अशा मुलांसाठी आठवड्यातले काही दिवस आमच्या शाळेत, बाकीचे दुसऱ्या शाळांत. मूळच्या कुरुंदवाडच्या. उंची चांगली, आवाज त्याहून चांगला. ग्राउंडच्या त्या टोकाला उभं राहून हाक मारली तर इकडं पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडायची. स्कूटरच्या डिकीत छापील कागदांचा गठ्ठा असे. जगात कुठं कुठं झालेली संशोधनं त्या रात्री वाचत आणि त्यांतलं उपयोगी तेवढं छापून आणत. पाऊस आला की कागदांना प्लॅस्टिकची पिशवी घालत आणि स्वतः भिजत.

एकदा मीटिंगमध्ये मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, माझा एवढ्या वर्षांचा अनुभव सांगतो, अशा मुलांना लाडानं घ्यावं, अभ्यासाचा फार ताण देऊ नये."

"सर, तुमच्या अनुभवाला मी चहा पाजते," बाई म्हणाल्या. "पण पोराला काय शिकवायचं ते पुराव्यावर ठरवूया."

आणि त्यांनी खरोखरच शिपायाला हाक मारून चहा मागवला. मुख्याध्यापकांना रागवावं की प्यावं ते कळेना. शेवटी ते प्याले.

माझ्या वर्गावर त्यांची पहिली स्वारी आली ती महेशमुळं. महेश नववीत होता आणि समीकरण बघितलं की त्याला घाम फुटायचा. बाई मला म्हणाल्या, "गणित तुम्ही सोडवा. शेवटची ओळ तेवढी त्याला लिवू द्या."

"अहो बाई, सगळं मीच सोडवल्यावर तो शिकला काय?"

"उत्तर आपल्या हातानं लिवताना कसं वाटतंय, ते शिकला. त्याला ते आजवर म्हाईतच न्हाय. उद्या शेवटच्या दोन ओळी द्या. परवा तीन."

मी मनातल्या मनात हसलो आणि तसं केलं, कारण बाईंशी वाद घालायचा तर आवाज लागतो आणि माझा घसा त्या आठवड्यात बसला होता. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत महेश वरच्या ओळीपर्यंत पोचला. एके दिवशी त्यानं पहिली ओळही स्वतः मांडली, आणि मी फळ्यापाशी खडू हातात धरून नुसताच उभा राहिलो. मला फार आनंद झाला होता. हे उघड सांगायला आता हरकत नाही.

बाईंची ही सगळीकडची रीत होती. मुलाला शर्ट घालायला शिकवायचं तर बटणं आपण लावायची, शेवटचं तेवढं त्याला लावू द्यायचं. कविता शिकवायची तर शेवटच्या कडव्यापासून. "सुरुवातीपासून शिकवलं की पोरगं मधे कुठंतरी अडकतंय, दमतंय, आणि पुढचं आपण करून टाकतोय," त्या म्हणत. "रोज हरून घरी जातंय ते. शेवटाकडनं शिकवलं की काम रोज त्याच्याच हातानं पुरं हुतंय."

दुसरी गोष्ट लवंग. बाईंच्या पर्समध्ये लवंगांची छोटी डबी असे. मुलाला प्रश्न विचारला की त्या एक लवंग तोंडात टाकत आणि गप्प बसत. दुसऱ्या माणसाला ते गप्प बसणं सोसत नसे. मुख्याध्यापक वर्गात आले तर तेच उत्तर देऊन मोकळे होत. बाई मात्र समोरच्या मुलाकडं बघत शांतपणे लवंग चघळत. माझा एक तास त्यांनी मागं बसून पाहिला आणि बाहेर आल्यावर विचारलं, "सर, तुम्ही पोरांना प्रश्न विचारता, का स्वतःशीच बोलता?" मग पर्समधून डबी काढून माझ्यापुढं धरली. अजूनही माझ्या टेबलाच्या खणात लवंगा असतात. वर्गातल्या सगळ्याच मुलांना त्यांचा उपयोग होतो, नुसता बाईंच्या मुलांना नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे शाबासकी. बाई नुसतं 'शाब्बास' कधी म्हणत नसत. "शाब्बास. बूट तुझा तू घातलास." "शाब्बास. चुकलं ते तुझं तू खोडलंस." कशाबद्दल ते सांगितल्याशिवाय शाबासकी द्यायची म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकायचं, असं त्यांचं मत.

आता कोल्हापूरचा माणूस म्हणजे मदतीला नको तितका तयार. रस्ता विचारलात तर तो सांगणार नाही, गाडीवर मागं बसवून सोडून येईल. घरी पाहुणा आला की त्याचं पोट भरलं का, हे त्याच्या तोंडावर न सोडता आपणच ठरवणार. मूल जरा वेगळं असलं तर विचारूच नका. सगळी गल्ली त्याच्यासाठी धावते. कुणी दप्तर उचलतो, कुणी चप्पल घालतो, कुणी घास भरवतो. बाईंचं खरं भांडण होतं ते या चांगुलपणाशी. शाळेच्या फाटकात उभ्या राहून त्या आया-बापांवर ओरडत, "हात मागं!" मुलाच्या मदतीला पुढं आलेला हात ज्याचा त्यानं स्वतःच्या पाठीमागं बांधायचा. मी पाहिलंय, चांगले दांडगे तालमीतले बाप फाटकाशी हात मागं बांधून उभे आणि त्यांची चिमुरडी पोरं सावकाश बुटाची पट्टी लावतायत. एकदा पाणी सांडत ग्लास भरणाऱ्या मुलीकडं मुख्याध्यापक धावले, तर त्यांनाही तोच हुकूम झाला. ते दचकून ताठ उभे राहिले.

आमच्या शाळेत सई नावाची मुलगी होती. तिला डाउन सिंड्रोम होता. बोलायची थोडं आणि सावकाश, हसायची भरपूर, आणि हट्टी इतकी की नको असलेल्या बाकावर तिला कुणी बसवून दाखवावं. गंगावेशीकडं तिचं घर. आई म्हशी सांभाळायची, वडील टेम्पोवर, सदा बाहेरगावी. दहावी झाली आणि सईचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला.

एक गोष्ट तिला झकास जमायची: पोळ्या लाटणं. राजारामपुरीत तिच्या मावशीचं पोळी-भाजी केंद्र होतं. मावशी म्हणाली, पाठवा, मी कामावर घेते. पण न्यायची कुणी? सकाळी धारा काढायच्या, घरोघर दूध घालायचं, परत येऊन गोठ्यातलं शेणकूर, त्यातून आईला सवड नव्हती. बाईंनी विचारलं, "मग तुम्ही दूध घालायला जाता तेव्हा सई कुठं असती?"

आई खाली बघत म्हणाली, "घरात. भाईरनं कडी घालून जाते. काय करू बाई? एकदा रस्त्यावर गेलती, गाडीखाली येता येता वाचली. कुणाला सांगू नगा."

स्टाफरूममध्ये तिच्यासमोर मी आणि बाई दोघंच होतो. बाईंनी लवंग काढली नाही. त्या म्हणाल्या, "सईला एकटीला बसनं जायला शिकवूया."

"एकटीला?" आईनं माझ्याकडं पाहिलं. मीही बाईंकडंच पाहत होतो. साध्या गोष्टीसाठी दहा वेळा सांगावं लागणारी मुलगी, आणि ही शहराची बस. पण दुसरा रस्ता म्हणजे ती कडी, आणि तीही जन्मभराची.

उन्हाळ्याची सुट्टी होती. अर्थातच बाईंनी शेवटाकडून सुरुवात केली. पहिले काही दिवस सईला सगळीकडं हाताला धरून नेलं. बसमधून उतरवल्यावर फक्त थांब्यापासून केंद्राच्या दारापर्यंत ती एकटी चालायची. दारात बाईंची शाबासकी आणि मावशीची गरम पोळी. ते पक्कं झाल्यावर थांबा ओळखून उतरणं. त्याच्या आधीचं, पास दाखवणं. त्याच्या आधीचं, बरोबर बसची पाटी बघून चढणं. आणि प्रत्येक टप्प्यावर बाई थोड्या थोड्या लांब सरकत गेल्या. आधी शेजारी बसायच्या, मग मागच्या सीटवर, मग पार मागच्या दारापाशी, आणि पुढं पुढं बसच्या मागून हेल्मेट घालून स्कूटरवर.

कंडक्टर लोकांना समजावणं सगळ्यांत अवघड गेलं. "मावशी, पोरगीला स्टॉप सांगायचा न्हाय म्हणजे? आमाला पाप लागंल की," एक जण म्हणाला.

"लागू द्या," बाई म्हणाल्या. "निम्मं मी घेते."

मग सईनं बसनं अगदी एकटीनं यायचा तो दिवस आला. गंगावेशीला ती चढताना बघून बाई स्कूटरनं पुढं आल्या होत्या. बाई आणि मी राजारामपुरीच्या थांब्यासमोर रसाच्या गाड्यामागं लपून उभे होतो. बस आली, थांबली, दोन-तीन माणसं उतरली. सई उतरली नाही. बस निघून गेली.

बाईंनी अर्धा ग्लास रस तसाच ठेवला आणि स्कूटर काढली. मी मागं बसलो. बसमागोमाग आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथं रिकाम्या बसमध्ये सई खिडकीशी शांत बसली होती आणि कंडक्टर तिच्यापुढं हात जोडून उभा होता.

"पावणं, तुमची पोरगी हाय व्हय ही? उतरंना झालीया. मामा आला न्हाय म्हणती. कुठला मामा? मी तर हिला आजच बघतोय."

बाईंना एकदम समजलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. राजारामपुरीच्या थांब्यासमोर एका तरुण नेत्याच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स लागलेला होता. काळा गॉगल, गळ्यात साखळी, खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे तोंडाला तोंड चिकटलेले फोटो. सईला तो माणूस फार आवडला होता. लांबून दिसला की ती स्वतःहून बोट दाखवायची, "गॉगलवाला मामा!" मूल ज्या वस्तूकडं आपणहून बघतं तीच खूण धरावी, म्हणून बाईंनी तीच धरली. पण वाढदिवस होऊन गेला होता, आणि आदल्या रात्री फ्लेक्स उतरला होता. तिथं आता दुसऱ्याच कुणाचं तरी अभिनंदन होतं, आणि आम्ही त्याच्याच खाली उभे असून वर बघितलं नव्हतं. कोल्हापुरात राहून फ्लेक्सच्या भरवशावर पत्ता ठरवायचा, ही चूक बाईंसारख्या बाईंकडून व्हावी! मला अशाही वेळी हसू आलं आणि मी ते कसंबसं गिळलं.

सईच्या आईला बाईंनीच फोन केला. ती दुधाचे कॅन कुणाच्या तरी दारात ठेवून रिक्षानं आली. तिनं सईला छातीशी धरलं आणि बाईंकडं न बघता म्हणाली, "बास झालं. माझी पोरगी घरातच बरी."

"चूक माझी हाय," बाई म्हणाल्या. "सईची न्हाय. तिला शिकवलं तसंच तिनं केलं. खूण मी चुकीची दिली."

"कुणाची का असंना. तिला काय झालं असतं तर तुमी भरून देणार हुता काय?"

बाईंनी मान खाली घातली.  आई सईला घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवसापासून दाराला परत बाहेरून कडी लागली.

दुसरा कुणी असता तर घरी जाऊन गयावया केली असती. बाईंनी तसलं काही केलं नाही. सकाळी बसच्या वेळेला त्या गंगावेशीच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहायच्या आणि बस गेली की शाळेत यायच्या. मी म्हटलं, "बाई, आता त्या पाठवत नाहीत." त्या म्हणाल्या, "थांबून बगूया की."

आठवडाभरानं सईची आई शाळेत आली. सुट्टीतल्या रिकाम्या व्हरांड्यात ती बराच वेळ पदराचं टोक पिळत उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, दूध घालून आले आणि कडी काढली, तर पोरगी आत दाराला लागून हुभी. चप्पल घातलेली, पिशवी अडकवलेली, हातात पास. म्हटलं, आजच असंल. पण रोज तसंच. बसच्या येळंला हुभी ऱ्हाती आणि मी येस्तवर हलत न्हाय." तिनं पदराचं टोक सोडलं. "मी कडी काढू का नगो, ते सांगा."

बाईंनी पर्समधून डबी काढली, लवंग तोंडात टाकली आणि तिच्याकडं बघत राहिल्या. मला त्या क्षणी बाईंचा राग आला. पण आईनंच डोळे पुसले आणि म्हणाली, "काढते."

या वेळी बाईंनी सईला थांब्यापाशी नेलं आणि विचारलं, "हितली कुठली गोष्ट उद्या बी असंल, परवा बी असंल, पावसाळ्यात बी असंल?" परत लवंग. सई इकडं बघ, तिकडं बघ, नव्या फ्लेक्सकडं बघून तिनं नाक मुरडलं, आणि शेवटी वर बोट केलं, "टाकी." पाण्याची जुनी, उंच टाकी. मग त्या टाकीवर बाईंनी सगळे प्रयोग केले. सई डाव्या बाजूला बसली तर दिसते का, उजव्या बाजूला बसली तर, गर्दीत उभी राहिली तर. वेगळा कंडक्टर, वेगळी बस, पावसानं धुरकटलेली काच. "एका बाजूनं शिकली की तेवढीच बाजू येती," असं म्हणत त्यांनी तो पावसाळा बसमध्ये काढला.

आणि अशा रीतीनं एकेक टप्पा मागं सरकत शेवटचा धडा आला तो सईच्या घराच्या दारात. बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं, कडी घालायची, कुलूप लावायचं, किल्ली पिशवीत. हे बाईंनी शिकवलं नाही. आईला म्हणाल्या, "हे तुम्ही शिकवा." आई समोरच्या कट्ट्यावर हात मागं बांधून उभी राहिली. सईचं कुलूप दोनदा निसटलं. आईचे खांदे पुढं आले, पण हात आले नाहीत. कुलूप लागलं तसं आई म्हणाली, "शाब्बास. कडी तुझी तू घातलीस," आणि तिथंच मटकन खाली बसून रडायला लागली. सईनं जरा वेळ तिच्याकडं पाहिलं. मग बसची वेळ झाली होती, म्हणून ती निघाली.

पुढं बाईंची नेमणूक कागलकडं झाली. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. निरोपाचे पेढे मात्र त्यांनी शाळेत आल्याच्या पहिल्याच दिवशी वाटले होते, ते मला तेव्हा आठवलं.

गेल्या वर्षी बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तपासणीसाठी राजारामपुरीत डॉक्टरांकडं जायचं होतं, स्कूटर बंद, म्हणून मला फोन आला. मी म्हटलं रिक्षा करू, तर म्हणाल्या, "बस असताना?" आम्ही गंगावेशीला बसलो. ऑपरेशननंतरचा मोठा काळा गॉगल, अंगावर शाल, एका हातानं दांडा चाचपत बाई सीटवर बसल्या. आणि समोरच्या सीटवरून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "गॉगलवाला मामा!"

सई होती. कामावर निघालेली, केसांत गजरा, गळ्यात पास. हसता हसता तिला ठसका लागला. बाई इतक्या हसल्या की डॉक्टरांनी बघितलं असतं तर रागावले असते.

थांबा जवळ आला तशी बसमधली माणसं कामाला लागली. एक जण उठून म्हणाला, "सरका, सरका, मावशींना दिसत न्हाय." दुसऱ्यानं कोपर धरायला हात पुढं केला. कंडक्टर म्हणाला, "सावकाश उतरवा रं." मीही बाईंच्या दंडाला हात घालणार, एवढ्यात सई उभी राहिली.

"हात मागं!"

 पुढं आलेले हात जागच्या जागी थांबले. माझे तर सवयीनं पाठीमागं गेलेसुद्धा.

"सई, टाकी आली का गं?" बाईंनी विचारलं.

 सईनं पिशवीतून छोटी डबी काढली, लवंग तोंडात टाकली आणि बाईंकडं बघत उभी राहिली. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर तसाच. बाईंनी मान खिडकीकडं वळवली, गॉगल जरा वर केला, डोळे बारीक केले.  मग त्या म्हणाल्या, "आली की."

त्या उठल्या. सीटच्या पाठी एकेक चाचपत दारापर्यंत गेल्या, पायरीवर पाय ठेवला, पुढच्या पायरीसाठी पाय हवेत जरा फिरवला, आणि उतरल्या. त्यांच्यामागून सई, मग मी. बस गेली.

सईनं लवंग चावून गिळली आणि बाईंच्या समोर उभी राहिली.

"शाब्बास बाई," ती म्हणाली. "तुमच्या तुम्ही उतरलात."

आणि उशीर होत होता म्हणून मागं न बघता ती केंद्राकडं चालू लागली.